तुटलेली सुई काय सांगते?

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरविलेल्या भरतकाम-प्रदर्शनाच्या वेळी दिलेले भाषण. भगिनींच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



प्रदर्शनातील कामे आपण आताच पाहिलीत. उशांचे अभ्रे, चहाच्या ट्रेवरची वस्त्रे, परकराचे काठ, बाळंतविड्यातील झबली नि टोपडी, सगळ्यांचे यथायोग्य कौतुक झाले. ते व्हायलाच हवे. परंतु ही फुले उमलता उमलता किती सुया मोडल्या, याचा हिशेब मात्र कोणत्याच भिंतीवर टांगलेला नाही. मला आज त्या मोडक्या सुयांविषयीच चार शब्द बोलायचे आहेत.

विषय ऐकून पुढच्या रांगेतल्या काहीजणी हसल्या. हसा, पण हा विषय दिसतो तितका लहान नाही. मशीनवरचे भरतकाम शिकायला येणाऱ्या मुली आणि सुना पहिले दोन आठवडे मोठ्या हौसेने येतात. मग एखादी येईनाशी होते. घरी जाऊन विचारले की उत्तर बहुधा एकच असते : "बाई, माझ्या हातून सुया फार तुटतात. मला नाही जमायचं ते." घरात कोणीतरी म्हटलेले असते, "सुयांचाच खर्च एवढा, मग मिळकत ती काय!" झाले. हाताला आलेली एक विद्या, आणि तिच्याबरोबर चार पैशांची सोय, दारातून परत जाते. एवढ्याशा सुईपायी हे होऊ नये, म्हणून हा प्रपंच.

पहिली गोष्ट ही की, सुई तुटणे हा नशिबाचा भाग नव्हे आणि हात वाईट असल्याची खूणही नव्हे. सुई कारणाशिवाय तुटत नाही. ते कारण बहुधा तिच्या तुकड्यांवरच लिहिलेले असते. आपण काय करतो? तुकडे झटकून टाकतो, नवी सुई बसवतो आणि पुन्हा मशीन चालू करतो. कारण जागच्या जागी राहते आणि दुसरी सुईही त्याच वाटेने जाते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यातला हा प्रकार आहे.

सुईचे काम कसे चालते ते आधी थोडक्यात पाहू. हातशिलाईच्या सुईचे नेढे मागे असते, मशीनच्या सुईचे टोकाशी. अमेरिकेत इलियास हाऊ यांनी १८४६ साली ज्या शिलाई यंत्राचे पेटंट घेतले, त्यात अशी टोकाशी नेढे असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा नेणारे शटल यांची जोडी होती. आजही आपल्या मशीनचा टाका या जोडीवरच उभा आहे. सुई दोरा घेऊन खाली जाते. सगळ्यात खालच्या जागेवरून ती सुमारे २ मिलिमीटर वर आली की तिच्या पाठीशी दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो. नेमक्या त्या क्षणी शटलचे टोक सुईला जवळजवळ घासून जाते आणि तो फास उचलते. 'जवळजवळ' हा शब्द लक्षात ठेवा. दोहोंमध्ये केसाएवढीच फट असते. सुई किंचित वाकली, किंचित खाली उतरली किंवा बाजूला ओढली गेली, की ती शटलला तरी धडकते, नाहीतर पायाखालच्या प्लेटला तरी.

साध्या शिवणात कापड पुढे सरकवण्याचे काम मशीनचे दाते करतात. सुई कापडातून बाहेर आली की मगच ते कापड ढकलतात. त्यांना घाई नसते, विसर पडत नाही. भरतकामात मात्र आपण दाते खाली करतो किंवा त्यांच्यावर झाकणपट्टी बसवतो, प्रेशर फूट काढून ठेवतो आणि रिंग दोन्ही हातांनी फिरवतो. म्हणजे दात्यांचे काम आपल्या हातांवर येते. भरतकामात सुया अधिक का तुटतात, याचे मोठे उत्तर येथे आहे.

एक साधा हिशेब करू. मोटारीचे मशीन मिनिटाला ६०० टाके घालते आहे असे धरा. म्हणजे सेकंदाला १० टाके झाले. प्रत्येक टाक्यातला सुमारे निम्मा वेळ सुई कापडात असते. 'सुई वर आली, आता रिंग हलवते' असे डोळ्यांनी पाहून कोणाचेही हात चालणार नाहीत. उपाय एकच, रिंग सावकाश आणि एकसारखी फिरवणे. सेकंदाला १ सेंटिमीटर रिंग सरकली तर टाका १ मिलिमीटरचा पडतो आणि सुईला त्याचा त्रास होत नाही. तीच रिंग हिसक्याने सेकंदाला ५ सेंटिमीटर ओढली, तर सुई कापडात असतानाच कापड दोन-अडीच मिलिमीटर बाजूला जाते. प्लेटचे छिद्र सुईहून थोडेसेच मोठे. सुई वाकते, छिद्राच्या काठावर आदळते आणि कट्कन मोडते. म्हणून नव्या मुलींना मी सांगते, पाय जलद आणि हात संथ. त्यांचे बहुधा उलटे होते. भीतीने मशीन हळू चालवतात आणि फूल लवकर उमटावे म्हणून रिंग ओढतात.

आता तुकडे वाचायला शिकू. मी सांगते त्या खुणा म्हणजे कोर्टातला पुरावा नव्हे, पण शोध कोठून सुरू करावा ते त्या नक्की सांगतात.

सुईचे फक्त टोक मोडले किंवा वाकले असेल, तर ती कठीण वस्तूवर आदळली आहे. रिंगेचा काठ, विसरलेली टाचणी, बटण, टिकली, आभला, नाहीतर प्लेट. ज्यांच्या मशीनवर नागमोडी टाक्याची सोय आहे, त्यांनी एक पाहावे : सरळ टाक्याची बारीक छिद्राची प्लेट बसवलेली असताना नागमोडी टाक्याचा खटका फिरवलेला राहिला, तर पहिल्याच टाक्याला सुई प्लेटवर बसते.

सुई नेढ्यापाशी तुटली असेल, तर दोऱ्याकडे पाहावे. नेढ्याच्या मानाने दोरा जाड आहे का? वरचे टेन्शन फार आवळले आहे का? रिळाच्या खाचेत दोरा अडकला आहे का? दोरा अडकला की तो सुईला धनुष्याच्या दोरीप्रमाणे ओढून वाकवतो. त्याच तुकड्याच्या चपट्या बाजूवर, नेढ्याच्या आसपास, चकचकीत ओरखडा दिसला, तर समजावे की शटल सुईला घासते आहे.

सुई मधोमध वाकून तुटली असेल, तर ओढाओढ झाली आहे. हाताने हिसका दिला असेल, कापड रिंगेत सैल असेल, किंवा जाड कामाला बारीक सुई लावली असेल. भरलेल्या पाकळीवर पुन्हा भरण आणि त्यावर तिसऱ्यांदा देठ अशी दोऱ्यांची गादी झाली की सुईला सरळ वाट मिळत नाही. ती बाजूला घसरते. तेथे नक्षीच बदलावी. खालचे भरण विरळ करावे किंवा वरच्या फुलापुरती जागा मोकळी सोडावी.

आणि सुई न मोडता आख्खीच्या आख्खी खाली घसरून प्लेटवर आपटली असेल, तर स्क्रू सैल होता. यासाठी कोणाला बोलवायला नको. पेचकस घ्यावा आणि स्क्रू घट्ट आवळावा.

कारण शोधण्याचाही एक क्रम असावा. स्वस्त गोष्टीपासून सुरुवात करावी आणि महागडी शेवटी ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणत्या बदलाने गुण आला ते कळत नाही.

पहिली परीक्षा सुईची. तिची चपटी बाजू आरशाच्या काचेवर ठेवावी. काच आणि सुई यांमधली फट टोकापर्यंत सारखी दिसली तर सुई सरळ. टोकाकडे फट कमी-जास्त झाली तर सुई वाकडी, मग ती पाकिटातून आत्ता काढलेली का असेना. कापडात शिरताना सुईचा 'टक् टक्' आवाज येऊ लागला तर ती बोथट झाली. सुमारे ८ तासांच्या कामानंतर सुई बदलावी. 'तुटली नाही ना, मग चालू द्या' ही काटकसर परवडत नाही. बोथट सुई रेशमी कापडाचे धागे ओढते, आणि ते नुकसान सुईच्या किमतीच्या कितीतरी पट असते.

सुई बसवताना ती वर टेकेपर्यंत सरकवावी. अर्धवट राहिली की ती खाली उतरते आणि शटलशी तिची गाठ चुकते. चपटी बाजू कोणीकडे, असे पुष्कळजणी विचारतात. मशीनमशीनप्रमाणे दिशा वेगळी असते, पण नियम सगळ्यांना एकच : ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूला सुईची लांब खाच, आणि शटलच्या बाजूला चपटी बाजू. घरगुती मशीनची चपट्या दांड्याची सुई निराळी आणि कारखान्यातल्या मशीनची गोल दांड्याची निराळी. दुकानात नुसते 'एक सुई द्या' म्हणू नये. जुन्या सुईचे पाकीट बरोबर न्यावे.

दुसरी परीक्षा नंबरांच्या जुळणीची. पाकिटावर ७५/११, ९०/१४, १००/१६ असे दोन आकडे असतात. मोठा आकडा म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर. लहान आकडा म्हणजे आपला नेहमीचा नंबर. मलमल किंवा व्हॉईलवर बारीक दोऱ्याने काम करायचे तर ९ किंवा ११. भरतकामाच्या नेहमीच्या ४० नंबरच्या रेयॉन वा पॉलिएस्टर दोऱ्याला ११ चांगली, कापड पॉपलीनसारखे असेल तर १४. जाडी खादी किंवा जीनच्या कापडाला १६. जरीचा दोरा असेल तर मोठ्या नेढ्याची सुई घ्यावी. जर फारच जाड असेल तर ती नेढ्यातून घालण्याचा हट्टच धरू नये. ती बॉबिनवर भरावी, बॉबिन केसचा छोटा स्क्रू थोडा सैल करावा, नक्षी कापडाच्या उलट बाजूवर काढावी आणि कापड पालथे धरून काम करावे. जर सुलट बाजूवर सुरेख उठून दिसते आणि सुईलाही ताण पडत नाही.

तिसरी परीक्षा रिंगेची. हाताच्या भरतकामाला आपण रिंग धरतो, त्याच्या उलट ही धरायची. कापड खालच्या अंगाला, प्लेटवर सपाट टेकलेले हवे. बोटाने टिचकी मारली की ढोलकीसारखा आवाज यावा. कापड सैल असले तर सुईबरोबर वर उचलले जाते, टाका चुकतो आणि सुई वाकते. रिंगेला सुती पट्टी गुंडाळली तर कापड घसरत नाही. पातळ कापडाखाली कागद किंवा पातळ बकरम लावावे. रिंग सुईखालून घालताना वा काढताना सुई पूर्ण वर असावी. जाड रिंग असेल तर सुई काढूनच ठेवावी.

चौथी गोष्ट हमखास विसरली जाते. प्रेशर फूट काढले तरी त्याचा खटका खाली करायचा असतो. खटका वर राहिला की टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात, वरचा दोरा मोकाट सुटतो, खाली गुंत्याचे घरटे होते आणि त्यात सुई अडकून मोडते. काम सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोके वर घेऊन बोटाने धरावी. बॉबिन केस जागेवर बसताना 'खट्' असा आवाज येतो, तो ऐकल्याशिवाय मशीन चालवू नये. काम काढून घेताना आधी सुई वर, मग कापड बाहेर. घाईघाईने कापड मागे खेचल्यानेही सुया मोडतात.

पाचवी परीक्षा मशीनची. दोरा काढून टाका, नवी सुई बसवा आणि चाक नेहमीच्या दिशेने हाताने हळूहळू फिरवा. सुई छिद्राच्या मध्यभागी उतरते का ते पाहा, आणि कान द्या. कोठे 'खर्र' झाले का? शटलच्या जागेत दोऱ्याचे तुकडे आणि कापसाची वळी साठलेली असते, ती ब्रशने काढा, तेलाचा एकच थेंब द्या. प्लेटच्या छिद्रावर बोटाचे नख फिरवा. जुन्या सुयांच्या आघाताने तेथे खरखरीत ओरखडे पडलेले असतात, ते बारीक पॉलिश कागदाने गुळगुळीत करता येतात. एवढे सारे करूनही सुई शटलला घासत असेल, तर मात्र शटलची वेळ बिघडली आहे. ते काम मेकॅनिकचे. त्याला बोलावताना 'मशीन बिघडलंय' एवढेच सांगू नका. 'नवी सुई घातली, दोरा काढला, हाताने फिरवले तरी सुई शटलला लागते' असे सांगा. ज्या बाईला आपल्या मशीनचे दुखणे सांगता येते, तिला कोणी नको ती दुरुस्ती सांगत नाही.

आता संगणकावर चालणारी भरतकामाची मशिने आली आहेत. ती मिनिटाला ८०० ते १००० टाके घालतात. तेथे हात रिंग फिरवत नाहीत, तरी सुया तुटतातच. कारणे ओळखीचीच आहेत : दाट नक्षी, चुकीच्या मापाची रिंग, बोथट सुई, अडकलेला दोरा. यंत्र बदलले तरी सुईची गाऱ्हाणी बदललेली नाहीत.

भगिनींनो, आतापर्यंत मी सुई वाचवण्याविषयी बोलले. यापुढे जे सांगणार आहे ते त्याहून महत्त्वाचे आहे. सुई तुटली की तिचा प्रत्येक तुकडा सापडला पाहिजे.

एकदा आमच्या वर्गात बाळंतविड्याचे काम चालू होते. एका झबल्यावर बदक भरताना सुई तुटली. वरचा भाग स्क्रूमध्ये राहिला, मधला तुकडा प्लेटवर मिळाला. टोक मिळेना. झबले द्यायचा दिवस दुसराच होता. काम करणारी मुलगी म्हणाली, "बाई, उडालं असेल कुठंतरी." आम्ही लोहचुंबक आणले. शटलची जागा, दात्यांखालची फट, रिंगेची पट्टी, जमीन, सगळे पाहिले. शेवटी ते टोक झबल्यातच मिळाले. बदकाच्या पंखाच्या भरणात, खालच्या बकरमला टेकून उभे होते. डोळ्यांना दिसत नव्हते, बोटांनाही लागत नव्हते. ते झबले बारशाच्या दिवशी कोणाच्या अंगात गेले असते, आणि ते मूल का रडते हे घरातल्या कोणालाच कळले नसते. हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

म्हणून सुई तुटली की पाय तत्काळ थांबवावा. चाक फिरवू नये, कापड झटकू नये. सगळे तुकडे पांढऱ्या कागदावर, शेजारी नवी सुई ठेवून, जुळवून पाहावे. लांबी पुरी भरली तरच पुढचे काम. भरली नाही तर चुंबक फिरवावे, प्लेट उघडावी, भरण उलट बाजूने चाचपावे. तरीही तुकडा मिळाला नाही, तर तो कपडा लहान मुलासाठी देऊ नये, गिऱ्हाईक कितीही थांबलेले असो. तयार कपड्यांच्या चांगल्या कारखान्यांत असाच शिरस्ता असतो. जुन्या सुईचे सगळे तुकडे जमा केल्याशिवाय नवी सुई मिळत नाही, आणि ते तुकडे वहीत चिकटवून नोंद ठेवतात. कारखान्याला जे जमते ते मंडळाला का जमू नये?

आणखी दोन सूचना. तुटलेला तुकडा डोळ्यांकडे उडू शकतो, म्हणून ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो लावूनच बसावे, आणि कोणीही सुईवर फार वाकू नये. मुलांना मशीनच्या तोंडाशी उभे करू नये. दुसरे असे की, मोडक्या सुया केरात टाकू नयेत. त्या केरात हात घालणारी कोणीतरी बाई असते. औषधाच्या रिकाम्या डबीत त्या साठवाव्या, डबी भरली की झाकणावर चिकटपट्टी लावून, वर 'सुया' असे लिहून वेगळी द्यावी.

शेवटी कार्यकारिणीपुढे माझी एक छोटी मागणी आहे. वर्गातल्या प्रत्येक मशीनपाशी तीन वस्तू असाव्यात : एक लोहचुंबक, एक झाकणाची डबी आणि एक वही. वहीत तारीख, कापड, दोरा, सुईचा नंबर, सुई कोठे तुटली आणि सगळे तुकडे मिळाले का, एवढेच लिहायचे. वहीत नाव लिहायचे नाही, कारण ती दंडासाठी नाही. सहा महिन्यांत ती वहीच नव्या मुलींची शिक्षिका होईल. 'जरीवर अकरा नंबर, नेढ्यापाशी तुटली' असे चार ठिकाणी वाचले, की पाचवी मुलगी आपण होऊन मोठ्या नेढ्याची सुई मागेल. आणि ज्या मुली 'मला नाही जमायचं' म्हणून घरी बसल्या आहेत, त्यांना ती वही नेऊन दाखवा. चांगल्या हातांच्याही सुया तुटतात हे त्यांना कळू द्या, म्हणजे त्या परत येतील.

 चहा तयार आहे असे मागून खुणावत आहेत, तेव्हा आता आपली रजा घेते. चहानंतर ज्यांना सुई काचेवर पारखून पाहायची असेल, त्यांनी आतल्या खोलीत यावे. आरसा आणि सुया मांडून ठेवल्या आहेत.